पावसाळ्यातलं बँकॉक, कमी खर्चात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत बँकॉकमध्ये पावसाळा असतो. या दिवसांत विमानाची तिकिटं आणि खोल्या स्वस्त मिळतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. तरीही अनेकांचं बजेट कोलमडतं, आणि ते कोलमडतं रोज पाऊस सुरू झाल्यानंतरच्या दोन तासांत. पाऊस आला की घाईघाईने टॅक्सी, टॅक्सी तुंबली की मधेच उतरून महागडा कॅफे, भिजलेल्या बुटांऐवजी नवे बूट, हुकलेल्या बोटीऐवजी पुन्हा टॅक्सी. त्या दोन तासांत आपण कुठे असणार हे सकाळीच ठरवून निघालात, तर पावसाळ्यातलं बँकॉक कमी पैशांत छान पाहून होतं. हा लेख त्या ठरवण्याबद्दल आहे.

पहिली पायरी: तिथला पाऊस समजून घ्या

महाराष्ट्रातल्या माणसाला पावसाळा म्हटला की झड आठवते. चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत. बँकॉकचा पाऊस साधारणपणे तसा नसतो. तो आपल्या वळवाच्या किंवा परतीच्या पावसाच्या जातीचा. सकाळी लख्ख ऊन, दुपारपर्यंत जीव नकोसा करणारा उकाडा, मग तीन-चारनंतर आभाळ काळं होतं, वारा सुटतो आणि तास-दीड तास धो धो कोसळतं. कधी हे संध्याकाळी होतं, कधी रात्री. रोज होतंच असंही नाही.

आकड्यांत सांगायचं तर मुंबईत एकट्या जुलैत आठशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. बँकॉकचा सर्वांत ओला महिना सप्टेंबर, आणि त्यात सरासरी पडतो तो साडेतीनशेच्या आत. म्हणजे मुंबई-कोकणात पावसाळे काढलेल्या माणसाने पावसाच्या प्रमाणाला घाबरायचं कारण नाही. सांभाळायचं असतं ते पाण्याच्या निचऱ्याला. शहर सपाट, चिकणमातीवर वसलेलं, समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच. पडलेलं पाणी आपोआप उतारावरून वाहून जात नाही, ते कालव्यांत आणि तिथून पंपांनी चाओ फ्राया नदीत ढकलावं लागतं. नदी आधीच फुगलेली असेल किंवा समुद्राला भरती असेल, तर पाणी गल्ल्यांमध्ये थांबून राहतं. बहुतेक वेळा दोन-तीन तासांत ते ओसरतं.

महिना निवडायला मोकळीक असेल तर मी जून-जुलै सुचवीन. या काळात बऱ्याचदा आठवडा-दोन आठवड्यांची उघडीप मिळते आणि फळांचा हंगाम भरात असतो. मँगोस्टीन, रामबुतान, ड्युरियन ढिगांनी येतात आणि रस्त्यावर किलोच्या भावाने मिळतात. (ड्युरियन जिथे घ्याल तिथेच खाऊन घ्या. त्याच्या वासामुळे हॉटेलांत आणि मेट्रोत तो नेऊ देत नाहीत.) सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत स्वस्त खरे, पण पावसाचे आणि नदीच्या पुराचेही तेच महिने. २०११ साली उत्तरेकडून आलेल्या पुराने डॉन मुआंग विमानतळ ऑक्टोबरमध्ये बंद पडला, तो मार्च २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला. असा पूर वारंवार येत नाही, पण सप्टेंबर-ऑक्टोबरचं तिकीट काढताना रद्द करता येईल अशी खोली घेणं शहाणपणाचं.

आणखी एक गोष्ट पावसाळ्याच्या बाजूने. डिसेंबर ते मार्च हा पर्यटकांचा लाडका काळ, पण त्याच दिवसांत बँकॉकची हवा धुरक्याने खराब होते. पावसाळ्यात ती धुतली जाते. दम्याचा किंवा सायनसचा त्रास असलेल्यांनी हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा.

दुसरी पायरी: निघण्याआधीचे कागद

व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून कुठल्याही व्हिडिओवर विसंबू नका. तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर भारतीय पासपोर्टसाठी काय लिहिलंय ते वाचा. १ मे २०२५ पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला 'थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड' भरावं लागतं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि त्याला एक पैसाही लागत नाही. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या काही साइट्स याचे पैसे मागतात, त्या अधिकृत नव्हेत. थाई इमिग्रेशन खात्याच्या सरकारी साइटवरच फॉर्म भरा. परतीचं तिकीट आणि खोलीचं बुकिंग छापून हाताशी ठेवा.

ई-सिगारेट नेऊ नका. थायलंडमध्ये तिला बंदी आहे आणि दंड चांगलाच महागात पडतो.

प्रवास विमा घेताना विमानाला उशीर आणि दवाखान्यातला खर्च, हे दोन्ही त्यात आहेत ना, ते पाहा. वादळी पावसाने विमानं रखडतात, आणि पावसाळा म्हणजे डेंग्यूचेही दिवस.

तिसरी पायरी: खोली कुठे घ्यायची

सगळ्यात जास्त विचार या पायरीवर करा, कारण पुढचा रोजचा खर्च हिच्यावर ठरतो. खोली स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर हवी. स्टेशन म्हणजे बीटीएस, म्हणजे खांबांवरून धावणारी स्कायट्रेन, किंवा एमआरटी, म्हणजे बहुतांशी भुयारी मेट्रो. रस्ता तुंबला तरी या दोन्ही चालत राहतात. स्टेशनपासून दोन किलोमीटर आत, लांबलचक सोईच्या टोकाला रोजी दीडशे बाट (थायलंडचं चलन) स्वस्त खोली मिळाली, तरी एका पावसाळी संध्याकाळी ती बचत टॅक्सीत जाते. सोई म्हणजे मुख्य रस्त्याला फुटलेली गल्ली. सुखुमवितच्या काही सोई, राचदाफिसेक, लाट फ्राओ, रामखामहेंग या भागांत पाणी साचल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तिथे राहूच नये असं नाही, पण बुकिंगआधी त्या जागेचे पावसाळ्यातले रिव्ह्यू वाचा. 'फ्लड' असा शब्द टाकून शोधलं की खरं काय ते दिसतं.

नवख्यांसाठी माझी पसंती अशी. फया थाई आणि राचाथेवीचा भाग, कारण विमानतळाची रेल्वे फया थाईलाच येऊन थांबते आणि तिथेच बीटीएस मिळते. दुसरा पर्याय जुन्या शहराला लागून असलेल्या साम योत स्टेशनचा. एमआरटीची निळी लाइन २०१९ मध्ये इकडे वाढली आणि तेव्हापासून जुनं बँकॉक पावसातही सहज गाठता येतं. तिसरा ऑन नुटचा. मध्यापासून जरा लांब, पण स्टेशनजवळ खोल्या स्वस्त आहेत.

खाओ सानचा परिसर बॅकपॅकर मंडळींचा जुना अड्डा. तिथे खोल्या स्वस्त आहेत, पण मेट्रो दाराशी नाही. उन्हाळ्यात बोटीने आणि पायी निभावतं. पावसाळ्यात पहिल्यांदा जाणाऱ्याला मी तिथे राहायला सांगणार नाही.

डॉर्ममधला पलंग साधारण ३०० ते ५०० बाटांत मिळतो. घेताना तीन गोष्टी विचारा. खोली तळमजल्यावर नाही ना? कपडे वाळवायला ड्रायर किंवा छताखालची जागा आहे का? सामान जमिनीपासून वर ठेवायची सोय आहे का? खिडकी नसलेल्या स्वस्त खोल्या पावसाळ्यात टाळाच. दोन दिवसांत त्यांना कुबट वास येतो आणि ओला टॉवेल ओलाच राहतो.

चौथी पायरी: बॅगेत काय

चामड्याचे बूट आणि जाड जीन्स घरी ठेवा. पट्ट्याच्या, चांगली पकड असलेल्या रबरी सँडल हाच इथला खरा जोड. फुटपाथच्या फरश्या ओल्या झाल्या की गुळगुळीत होतात, काही सुटलेल्या असतात आणि पाय पडताच खालचं गढूळ पाणी पोटरीपर्यंत उडतं. देवळांत वारंवार पादत्राणं काढावी लागतात, तिथेही सँडल बऱ्या. अंगठ्यात अडकवायच्या साध्या चपला खोलीपुरत्या ठेवा.

देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ग्रँड पॅलेसमध्ये तर हा नियम कडक आहे. म्हणून पातळ, झटकन वाळणाऱ्या कापडाच्या दोन लांब पँट घ्या. एक विरळ ओढणी किंवा पातळ जाकीटही हवं. ओल्या कपड्यांनी मॉलच्या किंवा ट्रेनच्या गारठ्यात शिरलात की हुडहुडी भरते.

छत्री लहान, घडीची. फुटपाथवर ठेले, विजेच्या लोंबत्या तारा आणि दुकानांचे छज्जे यांतून मोठी छत्री नेता येत नाही. बोटीसाठी रेनकोट हवा. पातळ प्लास्टिकचे रेनकोट कुठल्याही सेव्हन-इलेव्हनमध्ये अगदी थोडक्यात मिळतात, पण ते लवकर फाटतात, तेव्हा घरचा असेल तर तोच न्या. पासपोर्ट, फोन आणि रोख रकमेसाठी झिपची जाड प्लास्टिक पिशवी. सोबत कोरडे मोजे, बुरशीची पावडर, पॅरासिटामॉल, ओआरएस आणि डासांसाठी डीट किंवा पिकॅरिडिन असलेलं मलम.

पाचवी पायरी: विमानतळ ते खोली

भारतातून जाणारी अनेक विमानं पहाटे-सकाळी उतरतात. अशीच वेळ निवडा. सकाळी पाऊस बहुधा नसतो आणि रेल्वेही सुरू झालेली असते. सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक सुटते, ती अर्ध्या तासात फया थाईला नेते आणि जास्तीत जास्त ४५ बाट घेते. एमआरटी हवी असेल तर मधल्या मक्कासान स्टेशनावर उतरा, तिथून पुलावरून फेचाबुरी स्टेशन गाठता येतं. हाच प्रवास टॅक्सीने करायचा तर मीटर, त्यावर विमानतळाचा अधिभार, त्यावर टोल, आणि पाऊस असेल तर दीड-दोन तास.

डॉन मुआंगला उतरलात तर रेड लाइन पकडा. ती क्रुंग थेप अफिवात या मोठ्या रेल्वे टर्मिनसला नेते, तिथे खाली बांग सू हे एमआरटी स्टेशन आहे. ए-१ ही बससुद्धा ३० बाटांत मो चितच्या बीटीएस स्टेशनपर्यंत सोडते, पण पावसात बसपेक्षा ट्रेनच खात्रीची.

विमानतळावर सगळे पैसे बदलू नका. पहिल्या दिवसापुरते बाट तिथे घ्या, बाकीचे शहरात. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की प्रत्येक वेळी २०० बाटांच्या वर शुल्क कापलं जातं, म्हणून काढायचेच असतील तर एकदाच मोठी रक्कम काढा.

सहावी पायरी: पावसातही चालणारी वाहनं

एमआरटीच्या निळ्या लाइनवर कॉन्टॅक्टलेस व्हिसा किंवा मास्टरकार्ड थेट गेटला टेकवून आत जाता येतं. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला आणि कॉन्टॅक्टलेस वापर आधीच सुरू करून ठेवा. बीटीएससाठी सुटं तिकीट किंवा रॅबिट कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, लागतं. दोन्हींची भाडी १७ बाटांच्या आसपास सुरू होतात आणि अंतरानुसार वाढतात. या दोन कंपन्या वेगळ्या, त्यामुळे एकातून दुसरीत गेलात की भाडं नव्याने सुरू होतं. एका दिवसात इकडून तिकडे चार वेळा उड्या मारल्या तर बेरीज बरीच होते. म्हणून सकाळी एका लाइनवरच्या जागा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लाइनवरच्या, असं आखा.

स्टेशनांना जोडणारे उन्नत पादचारी पूल म्हणजे पावसाळ्यातली मोठी सोय. नॅशनल स्टेडियम, सियाम, चिट लोम या पट्ट्यात रस्त्यावर न उतरता, बऱ्याच ठिकाणी छपराखालून, बराच मोठा फेरफटका मारता येतो. खाली गाड्या गुडघाभर पाण्यात अडकलेल्या असताना वरून कोरड्या पायांनी चालता येतं.

बोट मला सर्वांत आवडते. साफान ताक्सिन या बीटीएस स्टेशनाखाली साथोर्नचा धक्का आहे. तिथून केशरी झेंड्याची चाओ फ्राया एक्सप्रेस बोट पकडा, १६ बाटांच्या आसपास एकच भाडं, कुठेही उतरा. निळ्या झेंड्याची बोट पर्यटकांसाठी, तिचं भाडं बरंच जास्त. धक्क्यावर निळ्या बोटीचं तिकीट आग्रहाने विकतात, तिथे शांतपणे केशरी झेंड्याची रांग विचारा. शहरातून आडवी जाणारी सेन सेप कालव्याची बोट याहून स्वस्त आणि ट्रॅफिकला पूर्ण बगल देणारी. पान फा धक्क्यापासून प्रातुनामपर्यंत आणि तिथे बोट बदलून पुढे. कडेला बसाल तर पाणी उडू नये म्हणून लावलेलं ताडपत्रीचं कापड दोरीने वर ओढावं लागतं. ते ओढाच, कालव्याचं पाणी घाण आहे आणि डोळ्यातोंडात जाता कामा नये. गडगडाट सुरू असेल किंवा नदीचं पाणी फार चढलं असेल तर बोटीचा बेत सोडा. संध्याकाळनंतर फेऱ्या लवकर थांबतात, हेही ध्यानात ठेवा.

टॅक्सीचं मीटर ३५ बाटांपासून सुरू होतं, पण पाऊस पडू लागला की अनेक चालक मीटर टाकायला नकार देतात आणि तोंडाला येईल तो आकडा सांगतात. ग्रॅब आणि बोल्ट या ॲपवरच्या टॅक्सींचे दरही त्या तासात चढतात. चाळीस मिनिटं थांबा. पाऊस उतरला की दरही खाली येतात. घाई नसेल तर थांबण्याइतका स्वस्त उपाय नाही. केशरी जाकिटातले मोटारसायकलवाले सोईच्या तोंडापासून आतपर्यंत सोडायला सोयीचे, पण ओल्या रस्त्यावर लांबच्या पल्ल्यासाठी नकोत.

सातवी पायरी: दिवसाची आखणी

उघड्यावरचं सगळं सकाळी, छपराखालचं दुपारी. एवढं पाळलंत तर अर्धं काम झालं.

एक नमुना देतो. सकाळी आठच्या आत एमआरटीने सनाम चाय स्टेशन गाठा. तिथून वाट फो हे देऊळ (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) चालत पाच-सात मिनिटांवर. तिथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, आणि गर्दी जमायच्या आत त्याच्या पायांच्या तळव्यांवरचं शिंपल्यांचं नक्षीकाम निवांत पाहता येतं. तिकीट ३०० बाट. तिथून ता तियेनच्या धक्क्यावर या आणि पाचेक बाटांत होडीने नदी ओलांडून वाट अरुणला जा, तिकीट २०० बाट. त्याच्या पायऱ्या उभ्या आहेत, ओल्या असताना चढू नका. म्हणून तर हे सकाळचं काम.

ग्रँड पॅलेस ५०० बाटांचा आहे आणि तिकीटविक्री दुपारी साडेतीनला बंद होते. कमी पैशांत फिरणाऱ्याने तो पाहावा का? मी म्हणेन, एकदा पाहावा, आणि तो त्याच्या आवारातल्या वाट फ्रा केओ या देवळाभोवतीच्या ओवरीसाठी. तिथे भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलेलं आहे. वर छप्पर असल्यामुळे पाऊस आला तरी बिघडत नाही. आपल्याला कथा पाठ असते, त्यामुळे गाइड लागत नाही. आणि आपल्या ब्रह्मचारी हनुमानापेक्षा इथला हनुमान किती रंगेल आहे ते बघून गंमत वाटते. पॅलेसच्या बाहेर कोणी चांगल्या कपड्यातला माणूस "आज बंद आहे, मी टुकटुकने दुसरीकडे नेतो" म्हणाला, तर थेट दाराशी जाऊन खात्री करा. ही जुनी फसवणूक आहे, आणि पावसात लोक तिला लवकर भुलतात.

तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं की छपराखाली. बँकॉक आर्ट अँड कल्चर सेंटर नॅशनल स्टेडियम स्टेशनला पुलाने जोडलेलं आहे, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. गोल चढत जाणाऱ्या मार्गावरून एकेक मजला पाहत दोन तास सहज जातात. जुन्या शहरात असाल तर राष्ट्रीय संग्रहालय, पण ते सोमवारी आणि मंगळवारी बंद असतं. शनिवार-रविवार असेल तर चतुचकचा बाजार. एमआरटीचं काम्फेंग फेत स्टेशन थेट बाजाराच्या पोटात उघडतं. आतल्या गल्ल्या बऱ्याचशा छपराखाली आहेत, पण पत्रे तापलेले असतात, म्हणून तिथे पाऊस पडत असतानाच जास्त बरं वाटतं.

पाऊस थांबल्यावरची संध्याकाळ वाया घालवू नका, हवा गार झालेली असते. लुम्फिनी पार्क फुकट आहे आणि तिथल्या तळ्यात मोठमोठ्या घोरपडी पोहतात. वेळ असेल तर चुलालाँगकॉर्न सेंटेनरी पार्कही पाहा. २०१७ मध्ये उघडलेली ही बाग मुद्दाम एका बाजूला उतरती बांधली आहे. पावसाचं पाणी हिरव्या छतावरून आणि गवतातून झिरपत तळ्यात साठतं, सुमारे ३८ लाख लिटरपर्यंत. कोचाकॉर्न वोराआखोम या थाई लँडस्केप आर्किटेक्ट बाईंनी ती आखली. तुंबणाऱ्या शहरातून आलेल्या आपल्यासारख्यांनी ती पावसानंतर जाऊन बघावी, पाणी कुठून कुठे जातं ते डोळ्यांनी दिसतं.

एक दिवस शहराबाहेर काढायचा असेल तर अयुथया ही जुनी राजधानी. साध्या गाडीचं तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीसेक बाटांचं. पहाटे निघा आणि दुपारी परत फिरा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र तिथे पुराची बातमी नाही ना, हे आदल्या दिवशी पाहा.

आठवी पायरी: पोट

रस्त्यावरचं जेवण स्वस्त आणि चविष्ट, पण पाऊस आला की ठेले आवरले जातात. तेव्हा मॉलमधली फूड कोर्टं कामाला येतात. असोक स्टेशनला लागून असलेल्या टर्मिनल २१ मध्ये पिअर २१ नावाचं फूड कोर्ट आहे, तिथे बहुतेक ताटल्या साठेक बाटांच्या आत मिळतात. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, हव्या त्या स्टॉलवर वापरायचं.

शाकाहारी मंडळींना नेहमीची अडचण म्हणजे भाजीतही माशाचा सॉस किंवा ऑयस्टर सॉस पडतो. 'किन जे' म्हणा, आणि पिवळ्यावर लाल अक्षरांची पाटी शोधा. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. कांदेनवमीनंतर चातुर्मास पाळणाऱ्यांना हे अन्न बरंचसं चालेल, जैन मंडळींनी मात्र त्यात कंदमुळं नाहीत ना, ते विचारून घ्यावं. सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरमध्ये नऊ दिवसांचा 'जे' उत्सव येतो, तेव्हा चायनाटाउनचा याओवारात रस्ता पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो. शाकाहाऱ्याने बँकॉकला जायचं तर याच दिवसांत जावं, पाऊस सोसून.

घरच्या चवीची फारच आठवण आली तर फाहुरात भागात भारतीय दुकानं आणि खानावळी आहेत. पाणी नळाचं पिऊ नका. गल्लोगल्ली नाणं टाकून पाणी भरायची यंत्रं असतात, पण नवख्याने आपली सीलबंद बाटलीच घ्यावी, ती महाग नाही.

नववी पायरी: तब्येत आणि सुरक्षितता

इथे मात्र पैसे वाचवायला जाऊ नका.

साचलेल्या पाण्यात उतरणं टाळा, पायाला जखम असेल तर अजिबात नाही. उंदरांच्या लघवीमुळे त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, मुंबईकरांना हे सांगायला नको. उतरावंच लागलं तर परत आल्यावर साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पाण्यात उभे असलेले विजेचे खांब, दिव्यांचे बोर्ड आणि धातूची कुंपणं यांना हात लावू नका. पाण्याखाली गटाराचं झाकण उघडं असू शकतं, म्हणून कडेकडेने नव्हे, आधी कोणी चालून गेलंय त्याच्या मागोमाग चाला.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे मलम सकाळीच लावा आणि घाम आला की पुन्हा लावा. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन डेंग्यूच्या शंकेत धोक्याचं, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ताप दुसऱ्या दिवशीही टिकला, पोट दुखायला लागलं किंवा उलट्या थांबेनात, तर थेट दवाखान्यात जा. घरी परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तरी डॉक्टरांना थायलंडला जाऊन आल्याचं सांगा.

फोनमध्ये हे आकडे ठेवा: पर्यटक पोलिस ११५५, रुग्णवाहिका १६६९. थाई हवामान खात्याचा रडार नकाशा रोज दुपारी एकदा पाहत जा. ढगांचा पट्टा शहराकडे सरकताना दिसला की अर्धा-पाऊण तास आधी हालचाल करता येते. ॲपमधल्या ढग-विजेच्या चित्रावर जाऊ नका, पावसाळ्यात ते रोज तेच दाखवतं.

कपडे धुण्यासाठी चोवीस तास उघडी, नाणी टाकून चालवायची लाँड्री बहुतेक वस्त्यांत असते. धुणं आणि ड्रायर मिळून शंभरेक बाट. दर तीन दिवसांनी एक रात्र यासाठी ठेवली की बॅगेत चारच जोड पुरतात. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवा, कागद दोनदा बदला.

वर्षावासाचे दिवस

जुलैत जात असाल तर आषाढी पौर्णिमेची थायलंडमधली तारीख पाहून जा. थायलंडमध्ये ती आसान्हा बुचा म्हणून पाळतात, आणि दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो, जो ऑक्टोबरपर्यंत चालतो. महाराष्ट्रातल्या विहारांमधून वर्षावासातली ग्रंथवाचनं ऐकत मोठे झालेल्यांना तिथे परकं वाटणारच नाही. त्या संध्याकाळी लोक हातात मेणबत्ती, उदबत्ती आणि कमळ घेऊन देवळाला तीन प्रदक्षिणा घालतात. यात कोणीही शांतपणे सामील होऊ शकतं, तिकीट नसतं. रेनकोट चुरगळून पिशवीत ठेवा, पाऊस बहुधा हजेरी लावतोच. या दोन्ही दिवशी सुट्टी असते आणि दारूविक्रीवर निर्बंध असतात.

रोजचा हिशेब आणि परतीचा दिवस

डॉर्म ४००, जेवणखाण ३००, ट्रेन आणि बोटी १५०, किरकोळ १०० असे धरले तर मोठी तिकिटं सोडून दिवसाला हजार बाटांच्या आत राहता येतं. त्यावर रोज १०० बाट 'पावसाचे' म्हणून वेगळ्या खणात ठेवा. कधी टॅक्सी, कधी गरम कॉफी, कधी ड्रायरची जास्तीची एक फेरी. ते खर्च झाले तर वाईट वाटत नाही, आणि उरले तर शेवटच्या दिवशी मँगोस्टीन घेता येतात.

परतीचं विमान संध्याकाळचं किंवा रात्रीचं असेल, तर विमानतळासाठी नेहमीपेक्षा दीड तास आधी निघा, तेही रेल्वेनेच. शुक्रवारची संध्याकाळ आणि पाऊस एकत्र आले तर रस्त्याने वेळेवर पोहोचण्याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. रेल लिंक साधारण मध्यरात्री बंद होते, पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्रीच जाऊन बसा. ओले कपडे वेगळ्या पिशवीत भरा, नाही तर घरी पोहोचेपर्यंत सगळ्या बॅगेला वास लागतो. आणि फूड कोर्टच्या कार्डात पैसे उरले असतील तर ते त्याच काउंटरवर परत मिळतात, मॉलमधून निघायच्या आधी मागून घ्या.